लाइक पुण्यातून, बियाणं गोदामात: एका शेतकरी कंपनीच्या सोशल मीडियाचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवरचा एक कोरडवाहू तालुका. खरिपाला सोयाबीन नि तूर, रब्बीला हरभरा, विहिरीला पाणी असलं तर ऊस. इथल्या चौदा गावांतल्या सहाशेच्या आसपास शेतकऱ्यांनी शेअर घेऊन उभी केलेली शेतकरी उत्पादक कंपनी हा या प्रकरणाचा विषय. कंपनीचं नाव, गावं आणि माणसांची ओळख मुद्दामच दिलेली नाही.

उत्पादक कंपनीची तरतूद आपल्याकडे २००२ च्या कायदा दुरुस्तीतून आली. किमान दहा शेतकरी, पाच ते पंधरा संचालक, असा तिचा साचा. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार एफपीओंची (शेतकरी उत्पादक संस्थांची) योजना आणली आणि व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत देऊ केली. त्यानंतर मराठवाड्यात अशा कंपन्या भराभर निघाल्या. ही त्यातलीच एक. धंदा तीन प्रकारचा: खरिपाआधी बियाणं आणि खत, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची खरेदी करून ते प्रक्रिया प्लांटला पाठवणं, आणि एका छोट्या डाळमिलवर तुरीची डाळ करून पाकिटं विकणं.

२०२३ च्या सुरुवातीला संचालक मंडळाने ठरवलं, आपणही सोशल मीडियावर असावं. का असावं, याची चर्चा झाली नाही. शेजारच्या तालुक्यातली कंपनी होती, म्हणून ही हवी. एका संचालकाचा भाचा कॅमेरा चांगला हाताळायचा; त्याला मानधनावर घेतलं. पोरगा कामाचा होता, यात वाद नाही. ड्रोनमधून हिरवंगार रान, ट्रॅक्टरमागे उडणारे बगळे, खाली दणदणीत गाणं. काही महिन्यांत फेसबुक पेज आणि इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर सभासदसंख्येच्या कितीतरी पट झाले. बँकेचे साहेब आले की चेअरमन आधी मोबाइल पुढे करायचे, ताळेबंद नंतर.

अडचण

२०२३ चा खरीप आठवत असेल. मृग कोरडा गेला, पेरण्या जून सरता सरता आणि पुढे जुलैत सरकल्या, आणि त्यावर्षीचा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कंपनीने मे महिन्याच्या शेवटी सोयाबीनचं बियाणं मागवलं होतं. ‘बियाणं उपलब्ध’ अशी सुबक पोस्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात पडली. लाइक भरपूर, ‘अभिनंदन’, ‘एकच नंबर’ वगैरे. पाऊस पडला तोवर ती पोस्ट पंधरा-वीस रीलच्या खाली गाडली गेली होती. सभासदांनी नेहमीप्रमाणे तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातून बॅगा उचलल्या, त्याही उधारीच्या चढ्या दराने. कंपनीच्या बॅगा गोदामात राहिल्या.

सोयाबीनचं बियाणं गव्हासारखं टिकत नाही. त्याचं टरफल पातळ, उगवणशक्ती लवकर उतरते. पुढच्या वर्षी तेच विकायचं म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्यात दुबार पेरणी बांधणं. बीजप्रक्रिया केलेली, म्हणजे औषध चोळलेलं, नव्हतं एवढं नशीब, नाहीतर ते धान्य म्हणूनही विकता आलं नसतं. माल मोंढ्यात, म्हणजे तालुक्याच्या धान्यबाजारात, धान्याच्या भावाने गेला. बियाणं आणि धान्य यांच्या दरातला फरक कंपनीच्या भांडवलातून वजा झाला.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत एका वाडीवरचे सभासद उठले. म्हणाले, “चेअरमन साहेब, तुमचं ड्रोन आमच्या रानावरनं दोनदा गेलं. बियाणं आलंय म्हणून सांगायला मात्र कुणी फिरकलं नाही.” सभेत हशा पिकला. संचालकांच्या टेबलावर कुणी हसलं नाही.

सभेनंतर सीईओ आणि अकाउंटंट ताई सभासद नोंदवही घेऊन बसल्या. पेजचे फॉलोअर कुठले, हे फेसबुक स्वतःच सांगतं: पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, मग लातूर, वय बहुतेक पस्तिशीच्या आतलं. म्हणजे चाकणच्या कंपन्यांत लागलेली, गावाची आठवण काढणारी पोरं. दुसऱ्या बाजूला नोंदवहीतले मोबाइल नंबर. कितीतरी बंद पडलेले. काही नंबर पुण्यातल्या मुलाचे, कारण शेअरचा फॉर्म त्यानेच भरलेला. महिला सभासदांच्या नावापुढे सरसकट नवऱ्याचा किंवा दिराचा नंबर. ज्या सहाशे लोकांची ही कंपनी, त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ताच कंपनीकडे नव्हता, आणि सुंदर पेजमुळे ते इतके महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

पर्याय कोणते होते

पुढची बैठक लांबली. एका संचालकाने सरळ प्रस्ताव मांडला: पेज बंद करा, पैसे वाचवा. दुसऱ्याचं म्हणणं उलट, छत्रपती संभाजीनगरची एखादी एजन्सी लावा, पोरासोरांचं काम नाही हे.

एसएमएसचा विचार झाला. साध्या फोनवरही जातो, हा मोठा फायदा. पण ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे संस्थेला आधी डीएलटीवर, म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, नोंदणी करावी लागते, प्रत्येक मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो, आणि देवनागरीत एका एसएमएसमध्ये जेमतेम ७० चिन्हं बसतात. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. रोज बदलणारा भाव यात कोंबणं अवघड.

व्हॉट्सॲपचे चॅनेल भारतात त्याच सप्टेंबरमध्ये सुरू झाले होते. सीईओंना ते आवडलं: कितीही लोक, सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, वादावादी नाही. पण त्यावेळी चॅनेलवर शेतकरी फार तर अंगठा दाखवू शकत होता, प्रश्न विचारू शकत नव्हता. ब्रॉडकास्ट यादीला २५६ ची मर्यादा, आणि ज्याने कंपनीचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला संदेश पोचतच नाही. एकच मोठा ग्रुप केला तर १०२४ ची मर्यादा असल्यामुळे सगळे मावत होते. पण सहाशे लोकांच्या ग्रुपात सकाळी सुविचार, दुपारी वाढदिवस आणि रात्री राजकारण. राहिला गावनिहाय छोट्या ग्रुपांचा पर्याय. कटकटीचा होता, कारण चौदा ग्रुप सांभाळायला चौदा माणसं लागतात.

निर्णय माध्यमावर अडला होता. तो सुटला चेअरमनच्या एका प्रश्नामुळे. ते जुन्या वळणाचे, स्वतः फेसबुक वापरत नाहीत. म्हणाले, “तुम्ही काय पाठवणार ते राहू द्या. वाचल्यावर गड्यानं उठून काय करायचं, ते सांगा.” त्या दिवशी फळ्यावर चार ओळी लिहिल्या गेल्या. शेतकऱ्याने घरचं बियाणं तपासावं आणि कमी पडेल तेवढंच कंपनीकडे नोंदवावं. विकायला निघण्याआधी त्याला भाव आणि कटतीचा (ओलावा, माती वगैरेसाठी वजनातून होणाऱ्या कपातीचा) नियम कळावा. नुकसान झालं तर विम्याची पूर्वसूचना मुदतीत जावी. आणि शहरातल्या गिऱ्हाइकाने डाळ घ्यावी. पहिल्या तीन ओळींचा माणूस गावात, चौथ्या ओळीचा पुण्यात. म्हणजे दोन वेगळी माध्यमं, दोन वेगळ्या भाषा. जे या चार ओळींत बसत नाही ते कंपनीच्या नावाने जाणार नाही, असा ठराव झाला. संचालकांच्या वाढदिवसाची पोस्टरंसुद्धा. या ठरावावर सर्वांत जास्त वेळ गेला, हे वेगळं सांगायला नको.

काय केलं

पहिले दोन-तीन महिने सोशल मीडियावर काहीच केलं नाही. गटप्रमुखांनी घरोघर जाऊन नंबर दुरुस्त केले. फोन घरात कुणाकडे असतो, व्हॉट्सॲप आहे का, वाचता येतं की ऐकायला बरं, एवढंच विचारलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम हेच, आणि त्याचा फोटो कुठेही नाही.

यातून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. पुण्यातल्या मुलांचे नंबर काढून टाकायचे असं आधी ठरलं होतं. पण काही म्हाताऱ्यांनीच नको म्हटलं. पोरगा रोज संध्याकाळी फोन करतो, तोच सांगतो, असं त्यांचं म्हणणं. मग नियम केला, एका खात्यामागे दोन नंबर: एक घरचा, एक बाहेरचा. पुढे भावाचा संदेश सर्वांत आधी उघडणारी ही चाकणची पोरंच निघाली. कंपनीच्या आवाजापेक्षा “अण्णा, आज माल नेऊ नका” हा मुलाचा फोन घरात जास्त चालतो.

गावनिहाय ग्रुप झाले. रोज एकच संदेश, संध्याकाळी सातच्या सुमारास, आणि तोही आवाजात. अकाउंटंट ताई त्याच भागातल्या. त्यांनी छापील मराठी बाजूला ठेवून घरात बोलतात तसं बोलायला घेतलं, मिनिटाच्या आत. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीजवळच्या फळ्यावर, आणि तातडीचं असेल तर मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून. संदेश गेल्यावर दोन तास कुणीतरी उत्तरं द्यायला बसेल, हेही ठरलं. यासाठी एका मुलीला अर्धवेळ कामावर घ्यावं लागलं. ड्रोनचं भाडं बंद झालं होतं. तो पैसा इकडे वळवला.

पहिली कसोटी: गोणपाटातले शंभर दाणे

मे २०२४ मध्ये पहिली मोहीम लागली. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे, त्यामुळे सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं घरचं बियाणं राखून वापरता येतं. पण उगवणक्षमता तपासली पाहिजे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात बियाणं न उगवल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या होत्या की औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ती आठवण ताजी होती.

संदेश असा होता: गोणपाट भिजवा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवड्याच्या आत उघडून कोंब मोजा आणि आकडा ग्रुपवर टाका. सत्तर किंवा जास्त असेल तर नेहमीचं एकरी तीस किलो. कमी असेल तर प्रमाण वाढवा. फारच कमी असेल तर ते बियाणं नको, कंपनीकडे नोंदवा.

पहिले चार दिवस ग्रुप शांत. मग एका गावातल्या आजींनी नातवाकरवी फोटो पाठवला: ओसरीवर पसरलेलं गोणपाट, त्यावर पांढरे कोंब आणि शेजारी खडूने लिहिलेला ८२. पाठोपाठ फोटोंची रांग लागली. कुणाचे ७६, कुणाचे ५५. एकाने ९८ टाकले तर खाली लगेच कुणीतरी लिहिलं, “गणित कोण शिकवलं रे?” कंपनीच्या ग्रुपवर लोक पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते. आणि कंपनीला मिळाली गावनिहाय मागणी. त्यावर्षी बियाणं अंदाजाने मागवलं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा नेहमीचा सल्लाही याच ग्रुपांवर गेला, सोबत त्या-त्या महसूल मंडळाचा पावसाचा आकडा.

दुसरी: बहात्तर तास

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. शेंगा भरायच्या काळात रानात पाणी. पीक विम्यात त्यावेळच्या नियमाप्रमाणे स्थानिक आपत्तीची पूर्वसूचना ७२ तासांत द्यावी लागत होती, ॲपवरून किंवा १४४४७ या क्रमांकावर. ॲप अडखळत होतं, फोन लागत नव्हता. कंपनीने प्रत्येक गावातून दोन-तीन चटपटीत पोरं निवडून पारावर बसवली. संदेश एवढाच: पॉलिसीची पावती आणि आधार घेऊन पारावर या, रात्री दहापर्यंत पोरं बसलेली आहेत.

पूर्वसूचना दिल्यावर डॉकेट नंबर, म्हणजे तिच्या नोंदीचा क्रमांक, यायचा. कितीजणांचं झालं हे कळावं म्हणून तो ग्रुपवर टाकायला सांगितलं, आणि इथे गडबड झाली. लोकांनी डॉकेट नंबरसोबत पावत्या आणि आधारचे फोटो सगळ्या गावासमोर टाकले. तासाभरात उत्तरं द्यायला घेतलेल्या मुलीच्या लक्षात आलं, तिने ते एकेक करून काढले आणि फक्त ‘झालं’ असं लिहा असा निरोप दिला. त्यातून काही वाईट निष्पन्न झालं नाही. पण आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा आला आहे आणि शेतकरी कंपनीसुद्धा लोकांची माहिती बाळगते, ही गोष्ट संचालकांच्या कानावर त्या रात्री पहिल्यांदा गेली.

तिसरी: भाव सांगावा की नाही

हा पेच सर्वांत अवघड होता. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यातले दर त्याच्या बरेच खाली. कंपनी रोज आपला खरेदीदर ग्रुपवर टाकू लागली. आठवड्यात गावोगावच्या खेडा खरेदीवाल्यांनी (गावातच माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी) तो बघून क्विंटलमागे वीस-तीस रुपये चढा दर द्यायला सुरुवात केली. ग्रुपमधल्याच कुणीतरी त्यांना रोज पाठवायचं. गावात असं लपत नाही. माल त्यांच्याकडे वळला.

संचालकांत दोन तट पडले. एक म्हणाला, आपण दुसऱ्याच्या धंद्याची जाहिरात करतोय, भाव टाकणं बंद करा, फोन करील त्याला सांगा. दुसरा म्हणाला, सभासदाला तीस रुपये जास्त मिळाले ना, कंपनी कशासाठी काढली मग? दोघांचंही खरं. कंपनीला माल मिळाला नाही तर प्लांटची गाडी भरत नाही, गाडी भरली नाही तर वाहतूक महाग पडते आणि पुढच्या वर्षी कंपनीच उरत नाही. मग भाव कोण वाढवणार?

शेवटी भाव चालू ठेवला, पण संदेश बदलला. नुसत्या दराऐवजी पूर्ण हिशेब: दर, कशावर किती कटती, हमाली कोण देणार, पैसे किती दिवसांत खात्यावर. खेडा खरेदीवाल्याचा दर चढा असला तरी काटा आणि कटती कुठे मारते, ते ज्याचं त्याने ताडून पाहावं. काही माल परत आला, सगळा नाही. ज्यांना रोख पैसे हवे होते ते परत आले नाहीत, आणि ते कुठल्याही संदेशाने आले नसते.

चौथी: मॉइश्चरचा व्हिडिओ

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सभासदाने खरेदी केंद्रावर उभं राहून व्हिडिओ केला. आडत्याच्या मशीनवर साडेबारा टक्के आलेलं मॉइश्चर, म्हणजे ओलावा, कंपनीच्या मशीनवर चौदा कसं, आणि कापलेले किलो कुणाच्या खिशात जातात, असा सवाल. संध्याकाळपर्यंत तो चौदाही गावांत, आणि तालुक्याबाहेरही. ग्रुपवर कट्ट्यांचे हिशेब मांडले जाऊ लागले.

चेअरमन संतापले. त्याला ग्रुपमधून काढा, ठाण्यात अर्ज द्या. एका संचालकाने वकिलाची नोटीस सुचवली. आणखी एकाचं म्हणणं, गप्प बसा, दोन दिवसांत लोक विसरतील. सीईओंनी एक रात्र मागून घेतली. त्याच रात्री नऊ वाजता ताईंचा आवाज गेला: “उद्या सकाळी नऊला केंद्रावर मशीन सगळ्यांसमोर तपासायची आहे. या आठवड्यात ज्यांनी माल घातला त्यांनी पट्टी (खरेदीची पावती) घेऊन यावं. व्हिडिओ करणाऱ्या दादांनी नक्की यावं.” आरोप खोटा आहे, असं कुठेही म्हटलं नाही. हा शहाणपणा महत्त्वाचा ठरला, कारण आरोप पूर्ण खोटा नव्हता.

सकाळी एकाच पोत्यातला नमुना तीन मशीनवर मोजला. तिसरी बाहेरून मागून आणलेली. केंद्रावरची मशीन बाकी दोघींपेक्षा जवळपास एक टक्का जास्त दाखवत होती. हंगामाआधी तिचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, झालंच नव्हतं. आडत्याचं साडेबाराही जरा उदारच होतं, पण तो मुद्दा सीईओंनी तिथे काढला नाही. मशीन बाजूला ठेवली, त्या केंद्रावरच्या पट्ट्यांचा फरक काढून पैसे खात्यावर टाकायचं तिथेच जाहीर केलं. मोजणीचा व्हिडिओ कापाकापी न करता त्याच ग्रुपांवर गेला.

चौदा गावांत प्रकरण निवलं. बाहेर नाही. मूळ व्हिडिओ ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ या शिक्क्यासह पुढे कित्येक दिवस फिरत होता, खुलाशाचा व्हिडिओ तालुक्याची वेस ओलांडू शकला नाही. ज्यांचं मशीनमुळे नुकसान झालं नव्हतं त्यांना ती दुरुस्त झाल्याचं कौतुक कशाला असेल?

ग्रुप बंद, दार उघडं

नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती, २० तारखेला मतदान. चौदाही ग्रुपांवर उमेदवारांची बॅनर पडू लागली. दोन गटप्रमुख वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते. त्यांची ग्रुपवरच जुंपली. कंपनीने सगळे ग्रुप ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ असे केले. शांतता झाली, आणि त्याबरोबर प्रश्नही थांबले. नेमके त्याच काळात केंद्राने हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. संदेश गेला, पण लोकांच्या शंका कंपनीपर्यंत आल्या नाहीत. कुणाला वाटलं पंधराच्या मालाला पूर्ण हमीभाव, कुणाला वाटलं हे मोंढ्यालाही लागू. मुलीने मग आपल्या संदेशाखाली कंपनीचा नंबर देऊन ‘प्रश्न इथे विचारा’ असं लिहायला सुरुवात केली. प्रश्न आले, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला ऐकू जाईना. तेच ते चाळीस वेळा सांगावं लागलं. मतमोजणीनंतर ग्रुप पुन्हा खुले केले.

पेजचं काय झालं

ड्रोनवाला पोरगा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्याला गेला, तेव्हा कळलं की पेज आणि इन्स्टाग्राम दोन्ही त्याच्या खासगी खात्यावरून उघडलेलं आहे. भांडण नव्हतं, पण तो फोन उचलेपर्यंत महिना गेला. त्यानंतर सिम कंपनीच्या नावाने, दोन ॲडमिन, पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत, असा ठराव.

पेज डाळीसाठी राखून ठेवलं. संक्रांतीच्या आधी मिलवर तूर भरडतानाचा साधा व्हिडिओ, पाकिटाचा दर, एफएसएसएआयचा नंबर, पुण्यात कुठे मिळेल. बगळे नाहीत. लाइक आधीच्या मानाने फारच थोडे आले आणि ऑर्डरी आल्या. घेणारी बहुतेक तीच गावाकडची पोरं आणि त्यांचे शेजारी.

निष्पत्ती

बियाणं गोदामात राहण्याचा प्रकार पुन्हा झाला नाही. सोयाबीनची खरेदी वाढली, पण त्यातलं ग्रुपचं श्रेय किती आणि मोंढ्यातल्या पडलेल्या भावाचं किती, हे वेगळं करणं शक्य नाही, आणि संचालकांनी तसा दावा अहवालात केला तो मला पटला नाही. पक्का फरक दुसरीकडे दिसतो: वार्षिक सभेत आता भावाचे, मशीनचे, पैसे येण्याच्या दिवसांचे प्रश्न निघतात. “आम्हाला कळलंच नाही” हे वाक्य ऐकू येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मशीनचं कॅलिब्रेशन हंगामाआधी, चार सभासदांसमोर, व्हिडिओसह झालं असतं तर तो व्हिडिओ निघालाच नसता. कंपनीने संवादाची तयारी केली, काट्याची नाही.

भावाच्या पेचात एक पर्याय कुणी मांडला नाही: आधी माल नोंदवणाऱ्या सभासदाला त्या दिवशीचा दर बांधून देणं. तसं झालं असतं तर दर उघड ठेवूनही माल हातचा गेला नसता. जोखीम होती, दर पडला तर तोटा कंपनीचा. पण चर्चा व्हायला हवी होती.

महिला सभासदांचा प्रश्न तसाच राहिला. दोन नंबरांच्या नियमातही बाईच्या खात्यामागे दोन्ही नंबर पुरुषांचेच लागले. २०२५ मध्ये बचत गटांच्या, ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंमार्फत तीन गावांत वेगळा ग्रुप सुरू झाला. बियाण्याच्या चाचणीचे आकडे तिथून जास्त नेटके येतात, कारण घरचं बियाणं राखणाऱ्या त्याच.

आणि एक चूक उशिरा उघड झाली. खरीप २०२५ पासून राज्यात पीक विम्याचे नियम बदलले; एक रुपयातला विमा गेला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुन्हा अतिवृष्टी होऊन नद्यांनी रानं खरवडून नेली, तेव्हा ताईंचाच आदल्या वर्षीचा आवाज ग्रुपाग्रुपांतून फिरू लागला: पावती घेऊन पारावर या, बहात्तर तासांत कळवा. लोक चिखल तुडवत पारावर आले. तिथे कुणी नव्हतं. त्या आवाजात तारीख नव्हती, वर्ष नव्हतं, आणि आवाज ओळखीचा असल्यामुळे कुणी शंकाही घेतली नाही. आता प्रत्येक संदेशाची सुरुवात तारीख आणि साल सांगून होते, आणि मुदतीच्या संदेशात ‘अमुक दिवसानंतर हा संदेश पुढे पाठवू नका’ असं जोडलेलं असतं.